अब्देनागो सियाचोकेचं एकच कच्चं काम

सोताव्हिता गावात माझा तेहोचा अड्डा आहे. लोक येतात, लोखंडी चकत्या फेकून मातीत लावलेल्या फटाक्याच्या दारूच्या पुड्या फोडतात, बिअर पितात आणि हरले की एकमेकांना फोडतात. अड्ड्याला लागून, मधे विटांची एक भिंत, अब्देनागो सियाचोकेचं सायकलींचं दुकान. त्याच्या पोरीचा, रोसेंदाचा, मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. बाकी आमच्याकडे बायकोपासून बैलापर्यंत सगळ्यांना 'सुमेर्से' म्हणायची रीत आहे. म्हणजे 'आपण, मायबाप' असंच काहीसं. माणसाचं डोकं फोडतानाही आम्ही आधी सुमेर्से म्हणतो. आईबापांनी वळण लावलंय.

अब्देनागो बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि डावा कान नाही. तो कान पाचूच्या खाणींकडे राहिला. तरुणपणी तो तिकडे गेला तेव्हा दोन टोळ्या एकमेकांना बटाट्यासारख्या सोलत होत्या. हा खाणीत कधी उतरला नाही. कस्तोदिओ रोआ नावाच्या माणसाच्या टोळीची रिव्हॉल्व्हरं दुरुस्त करत बसायचा. तिकडचा रिवाज असा की हत्यार दुरुस्त करणारा म्हणजे पाद्रीच. दोन्ही बाजूंची हत्यारं घ्यायची, कोणावर चालवणार ते विचारायचं नाही, आणि कच्चं काम द्यायचं नाही. या तीन गोष्टी पाळणाऱ्याच्या अंगाला कोणी हात लावत नसे. कान गेला तो चुकून. ज्याच्या गोळीनं गेला तो दुसऱ्या दिवशी कोंबडी घेऊन माफी मागायला आला, आणि जाताना म्हणाला, "सुमेर्से, या रिव्हॉल्व्हरचा नेम डावीकडे जातोय, जरा बघता का?" अब्देनागोनं डोक्याला फडकं बांधलेलं असताना ते बघून दिलं.

टोळ्यांचा समझोता झाला तसा हा गावी परतला आणि सायकलींत शिरला. मी विचारलं, हे कुठलं काढलंस? तर म्हणाला, "कोंपाद्रे, यंत्र तेच आहे." रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की चक्र एका घरानं सरकतं, आणि त्याला सरकवतो नखाएवढा पोलादी तुकडा. रेसच्या सायकलीला ब्रेकच्याच दांड्यात गिअरचा खटका असतो. तो दाबला की आतलं दातेरी चक्र एका दात्यानं सरकतं, आणि त्याला पकडून ठेवतो तसाच नखाएवढा तुकडा. सायकलवाले त्याला कुत्रा म्हणतात. कुत्र्याचा दात झिजला की दोन्ही यंत्रं एकच खोड करतात: सावकाश चालवलं तर गुणी, जोरात ओढलं की सुटतं.

दुसऱ्या गावचे मेकॅनिक झिजलेला शिफ्टर, म्हणजे हा गिअरचा दांडा, बघायचे आणि म्हणायचे, फेका, नवीन घ्या. आमच्याकडे नवीन जोडीसाठी गाय विकावी लागते आणि गाय कोणी विकत नाही. अब्देनागो तो उघडायचा. आमच्या पोरांच्या शिफ्टरांना एक खास आजार असतो. सगळे चढावर गुळाचं पाणी पितात, ते बाटलीतून हातावर आणि हातावरून दांड्यात जातं. आतलं ग्रीस आणि गूळ मिळून डांबर होतं, त्यात मुंग्या. अब्देनागो आधी बोटानं तो काळा लगदा चाटून बघायचा. "हा मोनिकिराकडचा गूळ. तुझी आई पाण्यात लिंबू जास्त पिळते." मग सगळा शिफ्टर रॉकेलमध्ये बुडवायचा, कोंबडीच्या पिसानं फटी साफ करायचा, तुटलेल्या केसाएवढ्या स्प्रिंगच्या जागी तिप्लेची, म्हणजे आमच्या छोट्या गिटारची, तार वळवून बसवायचा, आणि कुत्रा झिजला असेल तर जुन्या करवतीच्या पात्यातून नवा घासून काढायचा. काढलेले झिजके कुत्रे सार्डिनच्या डब्यात टाकायचा. म्हणायचा, माणूस कुठे कसा चढतो ते यांच्या दातांवरून कळतं.

त्याच्या दुकानात एक वाक्य उच्चारायची बंदी होती: "रविवारपर्यंत चाललं तरी पुरे." चर्चमधल्या घंटावाल्यानं एकदा ते उच्चारलं. अब्देनागोनं त्याला पट्ट्याला धरून उचललं आणि सायकल टांगायच्या हुकाला टांगलं. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा त्या दिवशी वाजलीच नाही. पाववाल्यानं उच्चारलं तर हवा भरायच्या पंपानं त्याचं नाक मोडलं. फ्लोरो चापारो, दुधाचा ट्रक चालवणारा आणि रेसमध्ये डोंगरावर पहिला येणारा पोरगा, रोसेंदाला मागणी घालायला आला तेव्हा तर त्यानं काही उच्चारलंही नव्हतं. त्याच्या सायकलची चेन चिरचिरत होती. तेवढ्यावर समोरचा दात पडला. लग्नात फ्लोरो तोंडावर हात ठेवून हसत होता. सासऱ्या-जावयाचं पुढेही तसंच, आणि गावाला वाटायचं की अब्देनागो या पोराला पाण्यात पाहतो. हे ध्यानात ठेवा, कारण कस्तोदिओ रोआलाही तसंच वाटायचं.

कस्तोदिओ आता म्हातारपणी सोताव्हिताच्या वरच्या अंगाला गाईगुरं घेऊन राहत होता. त्याचा एकुलता मुलगा एदिल्बेर्तोही रेसचा. संत पेद्रोच्या जत्रेच्या रेसआधी बाप स्वतः पोराची सायकल घेऊन दुकानात आला. अब्देनागोनं ती स्टँडवर चढवली, पेडल फिरवलं, खटके दाबले. टक, टक, टक, सगळं छान.

"कुत्रा झिजलाय," अब्देनागो म्हणाला. "इथं स्टँडवर गुणी वाटतो. चढावर पोरगा उभा राहून जोर लावेल तेव्हा सुटेल. ठेवून जा."

"रेस परवा आहे, सुमेर्से. रविवारपर्यंत चाललं तरी पुरे."

मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता हा हुकाला लागला. पण जुना मालक तो. अब्देनागो नुसता थुंकला आणि सायकल स्टँडवरून उतरवली.

रविवारी शेवटच्या चढावर एदिल्बेर्तो आणि फ्लोरो खांद्याला खांदा लावून वर येत होते. एदिल्बेर्तो पेडलवर उभा राहिला, आणि गिअर सुटला. पाय रिकाम्या हवेत गेल्यासारखा खाली गेला, तोंड हँडलवर आपटलं, सायकल आडवी फ्लोरोच्या चाकात. दोघं दगडांवर गेले. फ्लोरोचा खांदा निखळला. एदिल्बेर्तोचा उजवा डोळा गेला.

पुढची मारामारी मी आजही सणासुदीला सांगतो. कस्तोदिओची माणसं ओरडली, फ्लोरोनं ढकललं, ढकललं, आणि त्याच्या सोबतच्या दूधवाल्यांवर तुटून पडली. पंप, साखळ्या, सुटी चाकं, जे हाताला लागेल ते. आल्सिराबाईच्या बटाट्याच्या सुपाचा उकळता टोप उलटला तो नेमका सोडवायला आलेल्या हवालदाराच्या बुटात. एकानं दुसऱ्याचा कान चावला आणि वर म्हणाला, "माफ करा, सुमेर्से, मला वाटलं दुसरेच कोणी." मीही एक चकती फेकली. ती एकाच्या गुडघ्यावर बसली, तो आपल्याच बाजूचा निघाला.

त्याच संध्याकाळी कस्तोदिओनं चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, मेलेल्या भावाच्या रिव्हॉल्व्हरवर हात ठेवून शपथ घेतली: कार्मेलमातेच्या सणाला, मिरवणुकीत, तिच्या डोळ्यांदेखत फ्लोरो चापारोला मारीन. याच रिव्हॉल्व्हरनं. आमच्याकडे सगळे ड्रायव्हर त्या दिवशी गाड्या फुलांनी सजवून मातेमागून चालवतात. फ्लोरोचा ट्रक दर वर्षी पुढे असतो.

अब्देनागो दुसऱ्या दिवशी मोडक्या सायकलीचा शिफ्टर खोलून, झिजका कुत्रा फडक्यात बांधून कस्तोदिओच्या घरी गेला. दाखवायला, की पोराला कोणी ढकललं नाही, या तुकड्यानं पाडलं. कस्तोदिओनं फडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कसा पाहील? पाहिलं असतं तर डोळा कोणामुळे गेला हेही पाहावं लागलं असतं.

"एवढासा तुकडा माणसाचा डोळा घेत नाही," तो म्हणाला. "माणूस घेतो." आणि दोन गड्यांना खूण केली. त्यांनी अब्देनागोच्या बरगड्या मोडल्या, मग अदबीनं फाटकापर्यंत पोचवलं आणि त्याची टोपी झटकून हातात दिली.

रोसेंदा नवऱ्याला म्हणाली, "चला, माझ्या मावशीकडे जाऊ, वर्षभर तोंड दाखवू नका."

फ्लोरो हात गळ्यात बांधून बसला होता. "गेलो तर मीच ढकललं असं होईल. आणि दूध कोण नेणार?"

"दूध," अब्देनागो खाटेवरून म्हणाला. "बघा कोंपाद्रे, पोरीनं काय निवडलंय. मेल्यावर त्याला किटलीतच पुरू."

हवालदाराला सांगितलं. तो सुपानं भाजलेल्या पायाला मलम लावत म्हणाला की घडल्यावर बघू.

सणाच्या आठवडाभर आधी कस्तोदिओ दुकानात आला. मी भिंतीपलीकडे आवाज ओळखला आणि बिअर देण्याचं निमित्त करून गेलो. बाकावर ते भावाचं रिव्हॉल्व्हर ठेवलेलं. वर्षानुवर्षं पेटीत पडून आतलं तेल घट्ट झालेलं आणि चक्र मधेच घसरत होतं.

"सुमेर्से, हे नीट करून द्या," कस्तोदिओ म्हणाला. "खाणीवरचा रिवाज आठवतो ना? कोणासाठी ते विचारायचं नाही."

"विचारतच नाही. गावाला माहीत आहे."

"त्या पोराचा तुम्हालाही उबग आलाय. दात तुम्हीच पाडलात."

"दात पाडणं वेगळं."

"नाही म्हणालात तर आधी तुम्ही, मग तो. आणि कच्चं काम आपण देत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आलो."

अब्देनागोनं रिव्हॉल्व्हर उचललं, कानाजवळ नेलं, चाप हळूच ओढला आणि म्हणाला, "सणाच्या आदल्या दिवशी या."

तो गेल्यावर मी म्हटलं, "कोंपाद्रे, नदीत टाक ते."

"टाकलं तर दुसरं आणेल. त्याचा या हत्यारावर विश्वास बसला पाहिजे." मग त्यानं सार्डिनचा डबा बाकावर पालथा केला. सगळे झिजके कुत्रे भिंगाखाली मांडून एकेकाचा दात पाहू लागला. मला तेव्हा कळलं हा काय करणार आहे. जन्मभर ज्यानं झीज काढली, तो आता झीज घडवायला बसला होता. दहा वर्षांच्या चढावांनी जो उतार दातावर येतो, तो कानशीनं रिव्हॉल्व्हरच्या कुत्र्यावर आणायचा. फार घासलं तर हळू ओढतानाही सुटेल आणि कस्तोदिओला कळेल. कमी घासलं तर जावई मेला. मोडक्या बरगड्यांवर वाकून तो घासत होता, रडत नव्हता, पण तोंडानं अशा शिव्या देत होता की भिंतीपलीकडच्या माझ्या गिऱ्हाइकांनी खेळ थांबवला.

आणि एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती. खाणीवरचे जुने लोक सहा घरांत पाचच गोळ्या भरतात. घोड्याखालचं, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या हातोडीखालचं, घर रिकामं. त्याला ते कार्मेलमातेचं घर म्हणतात. हत्यार खाली पडलं तर आपलीच मांडी फुटू नये म्हणून, पण सांगताना मातेचं नाव. चाप ओढला की चक्र सरकतं आणि गोळीचं घर घोड्याखाली येतं. चक्र सरकलंच नाही तर घोडा मातेच्या घरावर पडणार.

"म्हणजे झालं की," मी म्हटलं.

"काय झालं? त्यानं शांतपणे, हळू ओढलं तर कुत्रा धरणार. त्याचा हात थंड आहे, कोंपाद्रे. मी त्याला माणूस मारताना पाहिलंय. लोणी कापल्यासारखा मारतो."

सणाच्या आदल्या दिवशी कस्तोदिओ आला. रिकाम्या हत्याराचा चाप त्यानं हळूहळू ओढला. टक. पुन्हा टक. पूर्ण फेरा झाला. अब्देनागोच्या कान नसलेल्या बाजूनं घामाची धार उतरत होती. मी ती पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, या मेल्यानं पाहू नये.

"नव्यासारखं," कस्तोदिओ म्हणाला. बाकावरच पाच गोळ्या भरल्या, मातेचं घर घोड्याखाली ठेवलं, टोपीला हात लावला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक चौकात आली. हॉर्न, फटाके, माता सहा माणसांच्या खांद्यावर. मागे फ्लोरोचा ट्रक, कार्नेशनच्या माळा, एका हातानं चालवतोय, शेजारी रोसेंदा, मांडीवर इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा. तिनं तो रुआन्याच्या लोकरी घोंगडीखाली लपवला होता, पण टोक दिसत होतं. कस्तोदिओ फळवालीच्या पालाजवळून पुढे आला. सोबत एदिल्बेर्तो, डोळ्यावर पट्टी. ट्रक थांबला. माणसं आपोआप बाजूला झाली, आणि मातेला खांद्यावर घेतलेल्यांनीही पाऊल थांबवलं.

कस्तोदिओनं हत्यार वर केलं. हात हलत नव्हता. बोट सावकाश आवळलं जात होतं आणि मी त्या चक्राकडे बघत होतो. ते सरकायला लागलं होतं.

तेवढ्यात अब्देनागो ट्रकसमोर आला. बरगड्या धरून, वाकडा चालत. त्याला ओरडता येत नव्हतं, श्वासच पुरत नव्हता, म्हणून साध्या आवाजात बोलला. सगळ्या चौकानं ऐकलं.

"एदिल्बेर्तो, ऐक. तुझा कुत्रा झिजला होता. मी बापाला म्हटलं, ठेवून जा. बाप काय म्हणाला विचार. रविवारपर्यंत चाललं तरी पुरे, असं म्हणाला. तुझा डोळा यानं काढला, पोरा, फ्लोरोनं नाही."

एदिल्बेर्तोनं बापाकडे मान वळवली. एकच डोळा, पण त्यात जे होतं ते कस्तोदिओला दिसलं. त्याचं बोट चापावरून सुटलं, चक्र मागे, मातेच्या घरावर येऊन बसलं. आणि मग तो माणूस, जो लोणी कापल्यासारखा मारायचा, आयुष्यात पहिल्यांदा पिसाळला. हत्यार अब्देनागोच्या तोंडासमोर आणलं आणि सगळ्या ताकदीनं चाप ओढला.

टक.

पुन्हा ओढला. टक. पुन्हा. घोडा पडत होता, चक्र जागचं हलत नव्हतं. मातेच्या रिकाम्या घरावर ठोके पडत राहिले.

रोसेंदा ट्रकमधून उडी टाकून आली आणि दांडा त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज फटाक्यांत मिसळला. मग दूधवाले. त्यांनी त्याला असा तुडवला की टोपी आणि माणूस वेगळे ओळखू येईनात. त्याच्या गड्यांपैकी कोणी पुढे आलं नाही, कारण एदिल्बेर्तो पायऱ्यांवर बसून राहिला होता आणि धाकटा मालकच उठत नाही तर आपण कशाला. शेवटी हवालदार आला. पाद्री गुडघे टेकून चमत्कार, चमत्कार म्हणत होता. अब्देनागो तसाच उभा होता. जमिनीवरून कस्तोदिओनं रक्तानं भरलेल्या तोंडानं त्याला विचारलं, "सुमेर्से, कच्चं काम दिलंत?"

"दिलं," अब्देनागो म्हणाला.

कस्तोदिओ तुरुंगात गेला. त्यानं कोणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण चौक भरून लोकांनी ते ऐकलं होतं, आणि असल्या गोष्टी पाचूच्या खाणींपर्यंत पोचायला टपाल लागत नाही. थोड्या दिवसांनी भर दुपारी दोन अनोळखी पाहुणे दुकानात आले. मी भिंतीतून सगळं ऐकलं. आधी नमस्कार. मग एक म्हणाला, "सुमेर्से, हात द्या."

"डावा चालेल?" अब्देनागोनं विचारलं.

"ज्यानं केलं तो."

मग बाकावरच्या शेगड्याची, म्हणजे त्या लोखंडी पकडीची, मूठ फिरल्याचा आवाज. ती नेहमी करकरायची. मी चकती घेऊन धावलो. दारात एकानं मला पिस्तुलाच्या दस्त्यानं हाणलं, ही बघा, भुवईवरची खूण. डोळे उघडले तेव्हा ते गेले होते आणि अब्देनागो पकडीशी उभा होता. उजवा हात आत. मूठ पाहुण्यांनी शेवटपर्यंत फिरवली होती आणि जाताना काढून सोबत नेली होती, म्हणून तो हात सोडवायला मला पाना शोधावा लागला.

"लाल डब्यात," तो म्हणाला. "तो नाही. बारका."

डॉक्टरांनी हात कापला नाही, पण बोटं कोंबडीच्या पायासारखी वळून बसली. त्या हातात आता पेचकसही राहत नाही. गावातले म्हणतात मातेनं वाचवलं, पाद्रीनं तर त्या जागी दगड बसवून वर तारीख कोरली आहे. अब्देनागो त्या दगडावरून जाताना दर वेळी टोपी काढतो आणि काहीतरी पुटपुटतो. ती प्रार्थना नाही, मी ऐकलंय.

फ्लोरो पहाटे दूध नेतो आणि दुपारी दुकानात येऊन बसतो. हात त्याचे, डोकं सासऱ्याचं. चर्चच्या घंटेपेक्षा त्यांची भांडणं मला नेमानं ऐकू येतात.

"हे काय बसवलंस?"

"स्प्रिंग, सासरेबुवा."

"याला स्प्रिंग म्हणतात? यानं डुक्कर बांधतात. काढ."

"बसली आहे की. टकटक करतेय, ऐका."

"स्टँडवर तर माझी मेलेली आजीही टकटक करील. काढ म्हणतो ना."

मग थप्पड. वळलेल्या हाताची थप्पड कानावर बसली की जरा विचित्र आवाज येतो, ठप्प असा, पोकळ. मग फ्लोरोची शिवी, मग पुन्हा रॉकेलचा वास. काल बिअर द्यायला गेलो तेव्हा फ्लोरो तोच शिफ्टर पुन्हा उघडून बसला होता. बोटं काळी, जिभेवर गुळाचा लगदा, आणि सासरा टेकून विचारत होता, "सांग, कुणाच्या घरचा?"

"लिंबू जास्त आहे," फ्लोरो म्हणाला.

"आल्सिराचा धाकटा," अब्देनागो म्हणाला. "ठीक. आता तार काप."